पूर्ण बरे झालेले मोरिवाकीसान

हाड जुळलं म्हणजे माणूस बरा झाला, असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याचं स्वतःचं एकही हाड कधी मोडलं नसणार. आमच्या तोकिवा उतारावरच्या मोरिवाकीसानांचं मोडलं होतं, तेही चांगलं डाव्या नडगीचं, दोन ठिकाणी. आणि तरीही त्यांनी या वाक्यावर विश्वास ठेवला, याचं मला अजून नवल वाटतं.

मोडलं कसं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात त्यांची बाजू फारशी चांगली दिसत नाही. आमच्याकडे जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी ठेवायचा, बाटल्या महिन्यातून दोन बुधवारी. जानेवारीतल्या एका मंगळवारी कोणीतरी बाटल्यांची पिशवी ठेवली. दुसरा कोणी असता तर नाक मुरडून पुढे गेला असता. मोरिवाकीसानांनी बाटल्यांच्या लेबलांवरून पिशवीचा मालक शोधून काढला आणि ती परत करायला ते दव गोठलेल्या पायऱ्यांवरून तरातरा निघाले. नवव्या पायरीवर पाय सटकला. पिशवीतली एकही बाटली फुटलेली नाही, एवढी खात्री त्यांनी स्ट्रेचरवर आडवं पडल्या पडल्या करून घेतली.

ऑपरेशन झालं. नडगीत एक लांब सळई आणि चार स्क्रू बसले. मग अख्खा उतार इस्पितळात लोटला. तेवीस घरं! कोणी फळं आणली, कोणी पैशांचं पाकीट, आणि सल्ला तर प्रत्येकाने आणला. आमच्या वस्ती-मंडळाचे अध्यक्ष इसोनोसान म्हणाले, "रोज सहा छोटे मासे, काट्यासकट. माझ्या मेव्हण्याचं हाड यावरच जुळलं." अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या उराकावा आजींनी रताळ्याच्या दारूत भिजवलेली लोकाटाची पानं पिशवीतून थेट पायावरच थापली, आणि नर्सबाईंनी ती काढल्यावर नर्सबाईंनाच फैलावर घेतलं. मोरिवाकीसानांची बायको फुसाएसान सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि चहा ओतायच्या. सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं सूप ढवळलेली बाई. चणीने एवढीशी, पण भरलेलं पातेलं उचलताना तिने कोणाला हाक मारलेली आम्ही कधी पाहिली नाही.

मे महिन्यात मोरिवाकीसान तपासणीला गेले. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि खूश झाले.

"वा! काय सुंदर जुळलंय हाड!"

"पण डॉक्टर, दुखतं."

"कुठे?"

"गुडघ्याखाली, सळई जिथून घातलीत तिथे. उतरताना. बसून उठताना. पावसाच्या आदल्या दिवशी. आणि कधीकधी काहीच कारण नसताना."

"दुखणारच हो. वर्षभर दुखेल, कोणाकोणाचं त्याहूनही जास्त रेंगाळतं. फोटोत मात्र सगळं पूर्ण आहे."

डॉक्टर बरंच काही बोलले, पण मोरिवाकीसानांच्या कानात राहिला तो एकच शब्द: पूर्ण. आता यात त्यांचा दोष किती आणि नोकरीचा किती, हे सांगणं अवघड आहे. चौतीस वर्षं त्यांनी गावच्या पाणी खात्यात दुरुस्त झालेल्या नळांची तपासणी केली होती. त्या खात्यात दोनच शिक्के, पूर्ण आणि अपूर्ण. एका थेंबासाठी त्यांनी स्टेशनसमोरचा रस्ता तिसऱ्यांदा खणायला लावला होता, आणि तेव्हा दुकानदारांनी त्यांच्या नावाने बोटं मोडली होती. पण मोरिवाकींचा शिक्का म्हणजे शिक्का, असं तेच दुकानदार पुढे अभिमानाने सांगायचे. माणसाला आयुष्यात मिळून मिळून काय मिळतं? मोरिवाकीसानांना हे मिळालं होतं, आणि त्यांनी ते जिवापाड जपलं होतं.

तपासणीवरून दोघं नवरा-बायको थेट भेटवस्तूंच्या दुकानात गेले. इस्पितळात भेटायला आलेल्यांना, आपण बरे झाल्यावर काहीतरी द्यायचं असतं. साबण सगळ्यात चांगला. लावला, धुतला, संपला. दुखणं पाण्याबरोबर वाहून गेलं. तेवीस डबे साबण निवडून झाले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "वरच्या कागदावर काय छापू?"

"म्हणजे?"

"पूर्ण बरे झाला असाल तर 'पूर्ण बरे झाल्याची भेट' छापतात. थोडं काही राहिलं असेल, तर नुसतं 'भेटायला आलात, आभार'."

"आभारच छापा," फुसाएसान म्हणाल्या.

"पूर्ण," मोरिवाकीसान म्हणाले.

"अहो, काल जिना बसून बसून उतरलात."

"तो जिन्याचा दोष आहे. सरकारी मापापेक्षा अर्धा इंच उंच आहेत पायऱ्या. डॉक्टर काय म्हणाले? पूर्ण. झालं तर मग!"

मुलगी बिचारी अदबीने म्हणाली, "पूर्णच्या कागदावर न सुटणारी गाठ छापलेली असते हं. दुखणं परत येऊ नये म्हणून. एकदा दिलं की दिलं."

"मग चांगली आवळून छापा," मोरिवाकीसान म्हणाले.

फुसाएसान पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. बरोबर असूनही गप्प बसणं सोपं नसतं. मला विचाराल तर मला ते आजतागायत जमलेलं नाही.

डबे वाटायला मोरिवाकीसान स्वतः गेले. बायकोला पाठवलं तर लोक म्हणतील, बघा, अजून चालता येत नाही. एका दुपारात तेवीस घरं, आणि आमच्या उताराला पायऱ्या एकशे बेचाळीस. शेवटचं घर उराकावा आजींचं, अगदी माथ्यावर. आजींनी कागद वाचला, गाठ पाहिली, मग चष्म्यावरून मोरिवाकीसानांच्या पायाकडे पाहिलं.

"लवकर बरा झालास रे, कुनिहिको."

"हाड जुळलं, आजी."

"हाडाचं नाही विचारलं मी," आजी म्हणाल्या आणि साबण घेऊन आत गेल्या.

त्या दिवसापासून मोरिवाकीसान अधिकृतपणे बरे झाले आणि त्यांचे हाल सुरू झाले. गाठीचा कागद दिल्यावर लंगडायचं म्हणजे तेवीस घरांना खोटी कागदपत्रं दिल्यासारखंच की! लोक पुन्हा काळजीत पडणार, पुन्हा फळं घेऊन येणार, आणि गावभर होणार की मोरिवाकींचा शिक्का खोटा निघाला. चौतीस वर्षांत खोटा शिक्का मारला नाही तो नाही, आणि मारला तो नेमका स्वतःवर. या विचाराने त्यांना पायापेक्षा जास्त दुखायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ नव्हे, अख्खी नडगी झाकायची होती.

त्यातून एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. दुखण्यात एकच सुख असतं, ते म्हणजे ते दुसऱ्याला सांगण्याचं. आता सांगायची सोय उरली नाही. पूर्वी पायऱ्या चढताना चार जण विचारायचे, "कसा आहे पाय?" मग मोरिवाकीसान कठड्याला टेकून दहा मिनिटं साग्रसंगीत सांगायचे. आता लोक म्हणायचे, "वा, ठणठणीत!" आणि पुढे जायचे. ज्या सल्ल्यांना ते विटले होते त्यांची त्यांना आठवण येऊ लागली. एकदा तर इसोनोसान दुसऱ्याच कोणाला काट्यासकट माशांचं सांगत होते, तेव्हा मोरिवाकीसान आशाळभूतासारखे बाजूला उभे राहून ऐकत होते.

मग त्यांनी युक्त्या शोधल्या. कळ आली की थांबायचं आणि बंदराकडे बघायचं. उतारावरून बंदर दिसतंच, बघणाऱ्याला कोण काय म्हणणार? कधी फुसाएसान बरोबर असल्या की त्याच मध्येच थांबायच्या. म्हणायच्या, "थांबा हं, चपलेत खडा गेला." मोरिवाकीसानांना कळायचं की हिला आपली दया येते, आणि त्यांना त्याचा थोडा रागही यायचा. दुसरी युक्ती छत्रीची. काठी म्हणजे कबुलीजबाब, पण छत्री काय, कोणीही नेतं. लखलखीत उन्हात ते छत्री टेकत निघाले की बाया दोरीवरचे कपडे काढायच्या. गंमत म्हणजे पाऊस यायचाच, कारण ज्या दिवशी जास्त ठणकायचं त्याच दिवशी ते छत्री घ्यायचे. जूनच्या अखेरीस आमचा उतार रेडिओवरचं हवामान ऐकेनासा झाला. सकाळी खिडकीतून मोरिवाकीसानांचा हात तेवढा बघायचा.

बंदराकडे बघण्याचा परिणाम मात्र भलताच झाला. उराकावा आजी महिन्यातून एकदा आपल्या घरी हायकू मंडळ भरवतात. एके दिवशी त्यांनी मोरिवाकीसानांना पायऱ्यांवरच गाठलं.

"कुनिहिको, पंधरा-पंधरा मिनिटं समुद्राकडे बघत उभा असतोस. कविता करतोस होय रे?"

आता काय सांगणार! "थोडीफार," मोरिवाकीसान म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"मग रविवारी ये."

हायकू मंडळात गुडघे मोडून, टाचांवर बसायचं. तासभर. आजी स्वतः अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तशाच बसतात. मग 'पूर्ण बरे झालेल्या' बासष्ट वर्षांच्या माणसाने पाय लांब करावेत? मोरिवाकीसान बसले. दहाव्या मिनिटाला त्यांना नडगीतली सळई वेगळी जाणवू लागली. विसाव्या मिनिटाला चारही स्क्रू एकेक करून मोजता येऊ लागले. समोर आठ बायका, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि मी शरद ऋतूवर बोलत होतो, आणि मोरिवाकीसान घामाने निथळत मंद हसत होते. चहाला सगळे उठले. हे उठेनात. उठणं त्यांच्या हातातच राहिलं नव्हतं.

"काय रे, येत नाहीस?"

"सुचतंय, आजी," ते कसेबसे म्हणाले.

सगळे आदराने पाय न वाजवता बाहेर गेले. सुचतंय म्हटल्यावर काहीतरी लिहून दाखवणं आलं. त्यांनी जे मनात होतं ते समुद्रावर ढकललं:

बंदरातलं जहाज
निघतो निघतो म्हणतं
निघत नाही.

आजींनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला. "याच्यात खरी कळ आहे," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी भिंतीवर लावलं. मोरिवाकीसान मंडळाचे कायमचे सदस्य झाले. तेवढ्यात फुसाएसान दारात आल्या, "अहो, घरी गॅसवाला आलाय," म्हणत जवळ येऊन कानाशी वाकल्या आणि वाकता वाकता खांदा असा दिला की मोरिवाकीसान कोणाच्या लक्षातही न येता उभे राहिले. घरी गॅसवाला वगैरे कोणी नव्हतं. मी त्या खोलीत होतो म्हणून सांगतो, इतकं सफाईदार काम मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

ऑगस्टमध्ये उकाडा वाढला आणि पाय सुजू लागला. आमच्या उताराच्या कडेने रुळावरून सरकणारी दोन खुर्च्यांची एक गाडी आहे. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना तिचं कार्ड मिळतं. मोरिवाकीसानांकडे जानेवारीपासूनचं कार्ड होतं. लाज गुंडाळून, आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्यांनी ते यंत्रात घातलं. यंत्राने ते बाहेर काढलं. पुन्हा घातलं. पुन्हा बाहेर. तेवढ्यात मागून इसोनोसानांचा आवाज आला.

"अहो, ते मी मे महिन्यातच रद्द करून घेतलं! म्हटलं, पूर्ण बरा झालेला माणूस, तुम्हाला उगाच कार्यालयात खेटे कशाला! आभार मानू नका हं."

मोरिवाकीसानांनी आभार मानले. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी ते छत्री टेकत कार्यालयात गेले. त्या कार्यालयाच्या वरच्याच मजल्यावर त्यांची सगळी हयात गेली होती. कार्डांच्या खिडकीत हामासाकी बसला होता, एके काळचा त्यांचाच हाताखालचा. त्याने उठून लवून नमस्कार केला आणि अर्ज पुढे सरकवला. अर्जात दोन चौकोन होते: 'आजारी' आणि 'बरा'.

"साहेब, आजारीवर खूण केलीत तर डॉक्टरांचा दाखला लागेल."

"डॉक्टर म्हणतात हाड जुळलंय."

"मग बरावर करा."

"बरावर केली तर कार्ड मिळेल?"

"नाही साहेब. बऱ्या माणसाला कार्ड कशाला?"

"अरे, पण हाड जुळलंय आणि दुखतंय, अशा माणसाने काय करायचं?"

हामासाकीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "साहेब, ही गाडी सुरू झाली तेव्हा हा अर्ज तुमच्याकडूनच बसवून घेतला होता. तेव्हा मी म्हटलं होतं, तिसरा एक चौकोन ठेवू या, 'थोडं राहिलंय' असा. तुम्ही म्हणालात, थोडं राहिलंय म्हणजे काय? नळ एक तर गळतो, नाही तर गळत नाही."

अवघड जागचं दुखणं आणि जावई डॉक्टर, तशातली गत.  मोरिवाकीसानांनी अर्ज नीट घडी करून खिशात ठेवला, "बरोबर म्हणाला होतास," असं हामासाकीला सांगितलं आणि एकशे बेचाळीस पायऱ्या पायी चढले. बाकी काही म्हणा, स्वतःची चूक हाताखालच्या माणसाच्या तोंडावर कबूल करणारा साहेब मी दुसरा पाहिला नाही.

खरी गंमत पुढेच आहे. ऑक्टोबरात आमच्या मंडळाचा क्रीडादिन असतो, खालच्या शाळेच्या मैदानावर. सप्टेंबरच्या बैठकीत इसोनोसान उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघूनच मोरिवाकीसानांनी छत्री घट्ट धरली.

"यंदा एक खास गोष्ट! आपल्या मोरिवाकीसानांच्या पूर्ण बरे होण्याच्या आनंदात नवरा-बायकोची तीन पायांची शर्यत पुन्हा सुरू करत आहोत. पहिली जोडी अर्थातच मोरिवाकी!"

टाळ्या पडल्या. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की मे महिन्यातली गाठ सुटणार. मोरिवाकीसान वाकून म्हणाले, "माझं भाग्य."

घरी आल्यावर त्यांना वाटलं, फुसाए आता तरी बोलेल. एकदा 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. फुसाएसानांनी भाताचा कुकर लावला आणि विचारलं, "कुठला पाय बांधायचा?"

"उजवा. चांगला. म्हणजे डावा मोकळा राहील, हवा तसा टेकवीन."

"नको. डावाच बांधू. तुमचा डावा, माझा उजवा. दोन्ही एकत्रच जमिनीवर येणार ना? तेव्हा भार माझ्यावर टाका. कोणाला कळायचं नाही."

मोरिवाकीसान विचारात पडले. पाणी खात्यात चौतीस वर्षं काढून त्यांना इतका साधा उपाय सुचला नव्हता. रोज संध्याकाळी दोघं घरातल्या वऱ्हांड्यात जुन्या ओबीच्या, म्हणजे किमोनोच्या कमरपट्ट्याच्या, पट्टीने पाय बांधून सराव करू लागले. एक, दोन. एक, दोन. चौथ्या दिवशी जमलं. बांधलेला पाय खाली यायचा, फुसाएसान चेहऱ्यावर काही न दाखवता सगळं वजन घ्यायच्या, आणि मोरिवाकीसानांना जानेवारीनंतर पहिल्यांदाच चालताना काही दुखायचं नाही. ते इतके खुलले की एका संध्याकाळी म्हणाले, "पहिला नंबर काढू."

"काढू," फुसाएसान म्हणाल्या आणि भिंतीला हात लावून जराशा थांबल्या.

क्रीडादिनाला ऊन स्वच्छ होतं, आणि मोरिवाकीसानांनी छत्री आणली नव्हती म्हणून सगळे निर्धास्त होते. सात जोड्या. अंतर पन्नास मीटर. उराकावा आजी सावलीतल्या खुर्चीवर बसून सगळ्यांना शिव्या देत प्रोत्साहन देत होत्या. शिट्टी वाजली.

पहिले वीस मीटर मोरिवाकी जोडी चक्क तिसरी होती. एक, दोन. एक, दोन. लोक ओरडत होते, "मोरिवाकीसान! जोर लावा!" आणि मोरिवाकीसानांच्या छातीत असं काही भरून आलं की ते बायकोच्या कानात म्हणाले, "बघ, जमतंय!" पंचविसाव्या मीटरला त्यांना पट्टीखाली थरथर जाणवली. आपलाच पाय, असं समजून त्यांनी भार आणखी डावीकडे, बायकोवर टाकला. थरथर वाढली. मोरिवाकीसान चमकले. रस्त्याखाली दोन मीटर खोलवरची गळती लोखंडी दांड्याला कान लावून ओळखलेला माणूस तो. ही थरथर आपल्या पायाची नाही, हे त्याला कळायला दोन पावलं लागली. दोन पावलंच, पण मी म्हणतो, खरं तर आठ महिने आणि दोन पावलं.

ते मैदानाच्या मधोमध थांबले.

"फुसाए. पाय कोणाचा कापतोय?"

"चला हो, लोक बघताहेत."

"कोणाचा?"

"माझा," त्या म्हणाल्या. "गुडघा. चला."

"कधीपासून?"

"झाली की सहा-सात वर्षं. शाळेतली मोठी पातेली. चला ना."

"सात वर्षं? आणि त्या गुडघ्यावर तू मला—" मोरिवाकीसान मनात मोजू लागले. इस्पितळातून घरी, घरातून न्हाणीत, एकशे बेचाळीस पायऱ्या, गॅसवाला, आणि आता हे. सगळं वजन त्या गुडघ्यावर गेलं होतं. "अगं, बोलली का नाहीस?"

फुसाएसानांनी कपाळावरचा घाम पुसला. "एका घरात एका वेळी एकाचंच दुखावं. तुमची पाळी चालू होती."

बाकीच्या सहाही जोड्या पोचल्या होत्या. सगळं मैदान या दोघांकडे बघत होतं. इसोनोसान भोंग्यावरून ओरडले, "काय झालं? मोरिवाकीसान, जोर लावा! पूर्ण बरे झालात तुम्ही!"

आमच्या उतारावर मोठ्याने बोलायची रीत नाही. मोरिवाकीसानांचा चढलेला आवाज त्याआधी कोणी ऐकल्याचं मला आठवत नाही, स्टेशनसमोरचा रस्ता खणला तेव्हासुद्धा नाही. पण त्या दिवशी ते भोंग्याशिवाय बोलले आणि मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

"मी बरा झालेलो नाही! माझा पाय मे महिन्यात दुखत होता, आजही दुखतोय. मी तुम्हा सगळ्यांना खोटं लिहून दिलं. माफ करा. आणि माझ्या बायकोचा गुडघा सात वर्षं दुखतोय आणि आठ महिने ती त्याच्यावर मला उचलतेय. ते मला आत्ता कळलं!"

"अहो, हळू बोला!" फुसाएसान लाल होऊन म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तोंड कुठे लपवावं ते कळेना, आणि पाय बांधलेला असल्यामुळे पळताही येईना.

 मग सावलीतून उराकावा आजींचा आवाज आला. "आता बोललास, मेल्या. फुसाए, कुठे दुखतं गं? आतल्या बाजूला की वाटीखाली?"

झालं! बांध फुटला. पाच महिने ज्या लोकांना कोणाला एक सल्ला देता आला नव्हता ते सगळे धावत सुटले. लोकाटाची पानं निघाली. पोस्टमास्तर गरम पाण्याच्या झऱ्याचा पत्ता देऊ लागले. इसोनोसान भोंगा हातात तसाच धरून आले, त्यामुळे त्यांच्या मेव्हण्याच्या गुडघ्याची हकिकत सगळ्या मैदानाने ऐकली. मोरिवाकीसानांच्या खोट्या शिक्क्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. काढायला कोणाला वेळच नव्हता. सगळे फुसाएसानांभोवती गोळा झाले होते.

आणि फुसाएसान आधी म्हणाल्या, "विशेष काही नाही हो." मग म्हणाल्या, "उतरताना जरा." मग आजींनी हात धरला तशा त्या बोलू लागल्या. कुठून कळ निघते, थंडीत कशी वेगळी असते, पातेलं उचलताना एकदा कसा कट्कन आवाज आला होता आणि चारशे मुलं जेवायला थांबली होती म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या होत्या. सात वर्षांचं एकदम निघालं. कोणी खुर्ची आणायला विसरलं, कोणी पट्टी सोडायला. मोरिवाकीसान डाव्या पायावर होते, तोच बांधलेला होता, आणि तो चांगला ठणकत होता. फुसाएसान वीस मिनिटं बोलल्या. ते वीस मिनिटं तसेच उभे राहिले, तिचं वजन आपल्यावर घेऊन, आणि एकदाही त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही.